भूशुद्धीचीं स्मृत्युक्त साधनें आणि किरणोत्सर्गानें दूषित झालेली जमीन

याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत द्रव्यशुद्धीचें प्रकरण आहे. भूमि अशुद्ध झाली असतां ती शुद्ध करण्याचीं सात साधनें त्यांत सांगितलीं आहेत: झाडणें, जाळणें, काल जाऊं देणें, गाईंचा वावर, शिंपणें, खरडणें आणि लेपणें. मनुस्मृतींत हीं पांचच आहेत. जाळणें व काल हीं दोन तेथें नाहींत. वसिष्ठाच्या धर्मसूत्रांत खणणें आणि पाऊस यांचीहि गणना केलेली आढळते. देवलाच्या वचनांत अशुद्ध भूमीची अमेध्या, दुष्टा आणि मलिना अशी प्रतवारी आहे, आणि मल जितका तीव्र तितकीं साधनें अधिक योजावीं असा टीकाकारांचा कल दिसतो. कल्याणीच्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळीं (इ. स. १०७६–११२६) विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली, तीमुळें हें प्रकरण महाराष्ट्रांत घरोघरच्या आचारांत उतरलें. आजहि सोयर फिटलें कीं अंगण खरडून, शिंपून, सारवून घेतात. तें करणाऱ्या बाईस याज्ञवल्क्य ठाऊक नसला तरी त्याची सूची तिच्या हातांत आहे.

ही सूची येथें पुन्हां चाळण्याचें कारण असें कीं, १९४५ पासून मनुष्यानें भूमीस एक नवा मल लाविला आहे. तो दिसत नाहीं, त्यास वास नाहीं, रुचि नाहीं. अग्नीनें तो जळत नाहीं, आणि कोणत्याहि क्षारानें वा अम्लानें त्याचा नाश होत नाहीं. अणूंच्या भट्टींत किंवा बॉम्बच्या स्फोटांत उत्पन्न होणारें सीझियम-१३७ हें द्रव्य तीस वर्षांत निम्में उरतें. स्ट्राँशियम-९० यास सुमारें एकोणतीस वर्षें लागतात. प्लुटोनियम-२३९ यास चोवीस हजार एकशें. या अवधीस अर्धायुष्य म्हणतात, आणि मनुष्यास तें यत्किंचितहि लांबवितां वा आंखडतां येत नाहीं. म्हणजे स्मृतीच्या सात साधनांपैकीं या मलाचा खरोखर क्षय करणारें साधन एकच, तें काल. बाकीचीं सहा त्याचें फक्त स्थान बदलतात.

स्मृतिकारांस अणुविद्या अवगत होती असें सुचविण्याचा येथें मुळींच उद्देश नाहीं. तसलें लेखन हल्लीं पुष्कळ होतें आणि इतिहासाच्या कामीं तें निरुपयोगी आहे. स्मृतिकारांपुढें प्रश्न शुचितेचा होता, विषाचा नव्हता. विषदूषित भूमीचा विचार पाहावयाचा तर तो सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत आहे. तेथें शत्रूनें बिघडविलेलें पाणी, गवत, मार्ग व जमीन यांची शुद्धि सांगितली असून पाण्यासाठीं कांहीं विवक्षित वृक्ष जाळून त्यांची राख टाकावी असें म्हटलें आहे. स्मृतीची सूची मात्र एका गोष्टीसाठीं फार कामाची आहे. तींतलें एकहि साधन असें नाहीं कीं ज्यास द्रव्य लागावें. खराटा, पाणी, शेण, कुदळ, गुरें आणि धीर, एवढ्यावर सारें भागतें. दूषित झालेली जमीन बहुधा निर्धनाच्या वांट्यास येते, किंवा ज्याची ती असते तो तिच्यापायीं निर्धन होतो. अशा मनुष्याच्या आंवाक्यांतलीं साधनें या नव्या मलापुढें कोठवर टिकलीं, हें गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या अनुभवावरून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पोहरादेवीसारख्या क्षेत्रीं बसून हा विषय कां घ्यावा, अशी शंका वाचकांस येईल. मानोरा तालुक्यांतील या गांवाच्या आसपासची जमीन काळ्या कातळाच्या झिजेपासून झालेली आहे, आणि त्या कातळांत युरेनियम-थोरियमचें प्रमाण ग्रॅनाइटाच्या मानानें अल्प असतें. येथें अणूचा कारखाना नाहीं. १९४५ ते १९८० पर्यंत मोठ्या राष्ट्रांनीं उघड्या आकाशांत जे स्फोट केले त्यांची धूळ साऱ्या पृथ्वीवर पडली, तिचा अंश येथल्याहि मातींत आहे, इतकेंच; त्यापासून येथें कोणास भय नाहीं. तथापि या विषयावर महाराष्ट्रांत जें संशोधन झालें, त्याचा नायक येथल्या प्रत्येक बांधावर उभा आहे. तो म्हणजे रुईचें झाड. त्याच्याकडे वळण्यापूर्वीं इतर साधनांचा वृत्तांत पाहणें इष्ट आहे.

खरडणें, म्हणजे स्मृतींतलें उल्लेखन, हें सर्वांत खात्रीचें साधन ठरलें आहे. वरून पडलेलें सीझियम चिकणमातीच्या सूक्ष्म पापुद्र्यांत अडकून बसतें, आणि न नांगरलेल्या जमिनींत पहिलीं कांहीं वर्षें वरच्या चार-पांच सेंटीमीटरांतच राहतें. ब्राझीलमध्यें गोयानिया शहरीं १९८७ च्या सप्टेंबरांत एका ओसाड रुग्णालयांतून औषधोपचाराचें यंत्र भंगारवाल्यांच्या हातीं पडून त्यांतील चमकणारी पूड घरोघर वांटली गेली. चौघे दगावले, आणि तेथील माती खरडून, कांहीं घरें पाडून सुमारें साडेतीन हजार घनमीटर कचरा निघाला. मूळ पूड शंभर ग्रॅमहूनहि कमी होती. जपानांत ११ मार्च १९११ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या त्याच तारखेस, म्हणजे २०११ सालीं, भूकंप व समुद्राची लाट यांमुळें फुकुशिमा येथील अणुभट्ट्या फुटल्या. तेथल्या कृषिखात्यानें त्याच वर्षीं प्रयोग करून पाहिले, तेव्हां सुमारें चार सेंटीमीटर माती काढल्यानें शेतांतील सीझियम पाऊण हिश्शानें उतरलें. मग सरकारनें हाच मार्ग धरिला आणि अपार द्रव्य खर्चून सुमारें १ कोटी ४० लक्ष घनमीटर माती व कचरा गोळा केला.

येथें स्वस्ताईचा प्रश्न उभा राहतो. माती खरडणें स्वस्त आहे. ती वाहून नेणें महाग आहे. एका एकराची पांच सेंटीमीटर माती म्हणजे सुमारें दोनशें घनमीटर, वजनानें अडीचशें टनांवर. हा आंकडा या प्रांतींच्या वाचकांस समजेल अशा भाषेंत मांडतों. पोहरादेवी हें बंजारा समाजाचें परम क्षेत्र. रेल्वे येण्यापूर्वीं दख्खनचें धान्य व मीठ या समाजाच्या तांड्यांनीं बैलांच्या पाठीवर वाहिलें. एका बैलाच्या पाठीवर शंभर किलो गोणी धरिली, तर केवळ एका एकराची खरडलेली माती हलविण्यास अडीच हजारांहून अधिक बैलांचा तांडा लागेल. आणि धान्याचा तांडा कोठें तरी उतरत असे. या मातीस कोणतेंहि गांव उतरूं देत नाहीं.

म्हणूनच फुकुशिमानजीकच्या ईतातें गांवीं शेतकरी आणि टोकियो विद्यापीठाचे प्राध्यापक मिझोगुची यांनीं मिळून जी युक्ति काढिली ती मला साऱ्या वृत्तांतांत अधिक मोलाची वाटते. २०१२ च्या आरंभीं कडाक्याच्या थंडींत शेताचा वरचा थर गोठून फरशीसारखा कठीण झाला होता. त्यांनीं तो फरशी उचलावी तसा उचलून काढिला. खालची मऊ माती त्यांत मिसळली नाहीं. दुसरी युक्ति भातशेतींतली. खाचरांत पाणी भरून वरच्या थराची चिखलणी करावयाची. सीझियम धरून ठेवणारे बारीक कण पाण्यांत तरंगतात, जाड कण खालीं बसतात. मग तें गढूळ पाणी ब्रशानें लोटून एका चरांत सोडावयाचें. काढलेली माती त्यांनीं त्याच शेतांत खड्डा करून पुरली आणि वर चांगली माती घातली, कारण तीच माती, जी वरून मनुष्यास अपाय करिते, अर्धा मीटर मातीखालीं गेली कीं तिचे किरण वरच्या मातींतच अडतात, आणि चिकणमातींत रुतलेलें सीझियम सहसा खालच्या पाण्यांत उतरत नाहीं. सरकारी मार्गाच्या मानानें हा खर्च नगण्य होता. चिखलणीची युक्ति कोंकणांत किंवा भंडारा-गोंदियाकडील धानाच्या बांध्यांत शब्दशः करतां येईल. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत मात्र गोठणें नाहीं आणि चिखलणीहि नाहीं. येथें वखराची पास जितकी खोल जाते तितकाच थर सैल करून ओढतां येईल. पण तें काम उन्हाळ्यापूर्वींच उरकलें पाहिजे. वैशाखांत या जमिनीस हातहात खोल भेगा पडतात, वरची माती त्यांत ढांसळते, आणि पृष्ठभागावरचा मल आपोआप तळाशीं जातो. काळी जमीन स्वतःच स्वतःस नांगरते असें शेतकरी म्हणतात. या प्रसंगीं तो गुण अडचणीचा ठरेल.

नांगराचा उपयोगहि झालेला आहे, आणि त्याच्या दोन कथा शेजारीं ठेवून पाहण्याजोग्या आहेत. १९५७ च्या सप्टेंबरांत रशियांत उरल पर्वताजवळच्या मायाक कारखान्यांत कचऱ्याची टाकी फुटून मोठा प्रदेश मुख्यतः स्ट्राँशियमनें माखला. पुढील वर्षांत तेथें हजारों हेक्टर जमीन खोल नांगरून वरचा थर पिकांच्या मुळांच्या आवाक्याखालीं घातला. काम ओबडधोबड होतें, पण एकोणतीस वर्षांचें अर्धायुष्य असलेल्या द्रव्यास तें एकंदरींत शोभलें. दुसरी कथा स्पेनची. १७ जानेवारी १९६६ रोजीं पालोमारेस गांवावर अमेरिकेचीं दोन विमानें आकाशांत आदळलीं व चार हायड्रोजन बॉम्ब खालीं आले. त्यांपैकीं दोहोंतील साधी दारू उडून प्लुटोनियमची धूळ टोमॅटोच्या मळ्यांवर पसरली. सर्वांत दूषित अशी सुमारें चौदाशें टन माती व झाडोरा पिंपांत भरून अमेरिकेस नेला, आणि बाकीची जमीन फूटभर नांगरून, पाणी देऊन शेतकऱ्यांच्या स्वाधीन केली. चोवीस हजार वर्षांच्या द्रव्यावर फूटभर मातीचें पांघरूण! २०१५ सालीं दोन्हीं सरकारांस त्या जमिनीविषयीं पुन्हां करारपत्रावर सह्या कराव्या लागल्या. नांगर तोच, एके ठिकाणीं तो उपाय झाला आणि दुसऱ्या ठिकाणीं पसारा. शिवाय एकदां नांगर फिरविला कीं खरडण्याचा मार्ग कायमचा बंद होतो, हें दोहींकडे सारखेंच लागू.

शिंपणें या साधनाचें अर्वाचीन रूप खत घालणें हें होय, आणि स्वस्त उपायांत मला याचें स्थान पहिलें वाटतें. सीझियम हें पोटॅशियमचें सगोत्र आहे, आणि स्ट्राँशियम कॅल्शियमचें. झाडास पोटॅशियमची भूक लागली आणि मातींत तें नसलें तर तें सीझियम घेतें. पोटभर मिळालें तर सीझियमकडे फारसें वळत नाहीं. चुन्याचें व स्ट्राँशियमचें नातें असेंच आहे. पॅसिफिक महासागरांतील बिकिनी बेटावर अमेरिकेनें १९४६ ते १९५८ पर्यंत तेवीस स्फोट केले. १९७० च्या सुमारास लोकांस परत आणून वसविलें, आणि १९७८ सालीं पुन्हां उठविलें, कारण नारळांतून सीझियम त्यांच्या शरीरांत सांचूं लागलें होतें. प्रवाळाच्या त्या मातींत चिकणमाती नाहीं आणि पोटॅशियमहि नाहीं, म्हणून झाडें सीझियम अधाशीपणें घेत. तेथें लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या संशोधकांनीं अनेक उपाय करून पाहिले. त्यांत साधें पोटॅशचें खत सरस ठरलें, आणि नारळांतील सीझियम पूर्वीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास उतरलें. एप्रिल १९८६ मधील चेर्नोबिलच्या अपघातानंतर युक्रेन, बेलारूस व रशिया येथें पोटॅश आणि चुना यांच्या योगें पिकांतील प्रमाण निम्म्यावर, कोठें तिसऱ्या हिश्शावर आलें. फुकुशिमाच्या भातशेतांसाठीं शंभर ग्रॅम मातींत निदान पंचवीस मिलिग्रॅम पोटॅश असावें असा दंडक ठरला, आणि त्याच्या बळावर तेथील तांदूळ किलोस शंभर बेकरेलांच्या मर्यादेखालीं राहिला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत चिकणमाती, चुना व पोटॅश हीं तिन्हीं मुळांतच विपुल आहेत. या बाबतींत निसर्गानें येथील शेतकऱ्याचें अर्धें काम आधींच केलेलें आहे. जमीन यानें शुद्ध होत नाहीं, मल जेथल्या तेथेंच राहतो. परंतु पीक शुद्ध होतें, आणि शेतकऱ्यास तेवढ्यानें उभें राहतां येतें.

पिकाची निवड हा याचाच भाग. बेलारूसमध्यें दूषित जमिनींत मोहरीच्या कुळांतील रेपसीड पेरूं लागले, कारण सीझियम व स्ट्राँशियम तेलांत उतरत नाहींत, पेंडींत राहतात. आपल्याकडे गळिताचीं धान्यें आणि कापूस यांस हाच न्याय लागू पडावा. मात्र मग पेंड व सरकी गुरांस घालतां कामा नये, आणि वऱ्हाडांत हा नियम कोण पाळील हें मी सांगूं शकत नाहीं.

गाईंच्या वावराविषयीं स्मृतीचा उलट अनुभव आला. ऑक्टोबर १९५७ मध्यें इंग्लंडांत विंडस्केल येथील भट्टीस आग लागली, तेव्हां सुमारें पांचशें चौरस किलोमीटर प्रदेशांतील दूध ओतून द्यावें लागलें. गाय दिवसाकाठीं विस्तीर्ण कुरण चरते आणि तेथील मल दुधांत एकवटते. ज्या भूमीस गाय शुद्ध करावयाची, तिच्यामुळें तीच अशुद्ध होते. यावरचा उतारा चित्रकारांच्या पेटींतून आला. प्रशियन ब्ल्यू नांवाचा निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें सांपडला होता. तो पोटांत गेला असतां सीझियमला धरून मलावाटे बाहेर काढतो. चेर्नोबिलच्या प्रदेशांत तो गुरांच्या चाऱ्यांत घातला, नॉर्वेंत मेंढ्या व रेनडियर यांच्या चाटणाच्या मिठांत मिसळला. दुधांतील प्रमाण तिसऱ्यापासून दहाव्या हिश्शापर्यंत उतरलें. गोयानियांतील रुग्णांसहि तोच दिला होता.

जाळणें आणि लेपणें यांविषयीं थोडक्यांत. जाळल्यानें पाला राख होतो, सीझियम राखेंत घट्ट होऊन राहतें व कांहीं धुरांतून निघून जातें. २०२० च्या एप्रिलांत चेर्नोबिलच्या ओसाड अरण्यांत वणवे लागले तेव्हां हीच भीति होती. लेपणाचें प्रसिद्ध उदाहरण म्हणजे एनिवेटोकचें रुनिट बेट: १९७७ ते १९८० पर्यंत तेथल्या दूषित मातीचा ढीग स्फोटानें पडलेल्या खड्ड्यांत लोटून त्यावर सुमारें दीड फूट जाड काँक्रीटची घुमटी बांधिली. खड्ड्याच्या तळास मात्र कांहींच लेप नाहीं, आणि समुद्राचें पाणी खालून खेळतें. सारवण वरून सुरेख असलें म्हणजे पुरे असें मानणाऱ्यांनीं हें बेट ध्यानांत ठेवावें.

आतां रुईकडे येतों. वनस्पतीनें भूमि शुद्ध करावी हें साधन स्मृतींत नाहीं. पण सर्वांत स्वस्त म्हणून अलीकडे त्याचाच फार बोलबाला आहे. मुंबईजवळ तुर्भे येथें १९५४ सालीं स्थापन झालेली आणि १९६७ पासून डॉ. होमी भाभा यांचें नांव धारण करणारी अणुसंशोधन संस्था सर्वांस ठाऊक आहे. अप्सरा ही भट्टी तेथें १९५६ च्या ऑगस्टांत व सायरस ही १९६० सालीं चालूं झाली. सायरस २०१० च्या अखेरीस बंद केली. १९९१ च्या डिसेंबरांत सायरस व ध्रुव या भट्ट्यांच्या परिसरांतील नळांच्या गळतीनें तेथली माती सीझियमनें दूषित झाल्याचें वृत्त पुढें नियतकालिकांतून प्रसिद्ध झालें. त्याच केंद्रांतील सुसान ईपन, श्रद्धा सिंग व त्यांचे सहकारी यांनीं या शतकाच्या पहिल्या दशकांत अगदीं गांवढळ वनस्पती घेऊन प्रयोग केले. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत रुईनें पाण्याच्या द्रावणांतील नव्वद टक्के स्ट्राँशियम एका अहोरात्रांत ओढून घेतलें, आणि सीझियमचा चव्वेचाळीस टक्के भाग सात दिवसांत. २००८ सालीं वाळ्याविषयीं निबंध आला. त्यानें सात दिवसांत चौऱ्याण्णव टक्के स्ट्राँशियम व एकसष्ट टक्के सीझियम ओढलें. रानमोडीवरहि असेच प्रयोग झाले. वाळ्यांत सीझियम मुख्यत्वें मुळांत सांचतें आणि स्ट्राँशियम पात्यांत, हेंहि त्यांनीं दाखविलें.

संस्कृतज्ञांस या दोन्हीं वनस्पती जुन्या ओळखीच्या आहेत. रुई म्हणजे अर्क. जो शब्द सूर्याचा तोच हिचा. वाळा हें वीरण नांवाच्या गवताचें मूळ, अमरकोशांतलें उशीर. या शास्त्रज्ञांनीं महागडें परदेशी रोप न घेतां बांधावरचें झाड घेतलें ही गोष्ट अत्यंत स्तुत्य आहे. रुई पाण्याविना जगते, गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणून तिच्यांतला मल दुधांत जाण्याचें भय अल्प. या कामास याहून स्वस्त मजूर मिळणें कठीण.

परंतु वर दिलेले आंकडे पाण्यांतले आहेत, मातींतले नव्हत. हा भेद वर्तमानपत्रें नेहमीं गाळतात. पाण्यांतलें सीझियम मोकळें असतें; मातींतलें चिकणमातीच्या पापुद्र्यांत जखडलेलें असतें आणि मुळांस सहजासहजीं हातीं लागत नाहीं. चेर्नोबिलच्या तळ्यांत १९९० नंतरच्या दशकांत सूर्यफुलांनीं उत्तम काम केलें, म्हणून फुकुशिमाच्या शेतांत लोकांनीं मोठ्या आशेनें सूर्यफुलें लाविलीं. २०११ च्या सप्टेंबरांत कृषिखात्यानें निकाल जाहीर केला तेव्हां शेतांतील सीझियमचा दोनहजारावा भागहि जेमतेम झाडांत आला होता. अशा गतीनें झाडाच्या आधीं कालच जमीन स्वच्छ करील. आणखी एक पेंच असा कीं, पोटॅश घातलें तर झाड सीझियम घेईनासें होतें; वाळ्याच्या प्रयोगांत हें स्पष्ट दिसलें. म्हणजे पीक वांचविणारें खत आणि मल शोषणारें झाड यांचें वैर आहे. एका शेतांत एका वेळीं एकच करतां येतें. तेव्हां रुई व वाळा यांचें खरें स्थान शेतांत नसून ओढ्याच्या कांठीं, सांडपाण्याच्या चरांत, आणि ईतातेंच्या पद्धतीनें गढूळ पाणी जेथें सोडावयाचें त्या खड्ड्याच्या भोंवतीं आहे, असें माझें मत झालें आहे.

त्यानंतर त्या झाडांचें काय करावयाचें? रुईचीं पानें मारुतीच्या माळेंत जातात, रथसप्तमीच्या स्नानास लागतात. वाळ्याचीं मुळें उन्हाळ्यांत ताट्यांना व पाण्याच्या माठांत. जीं झाडें आपल्या नित्याच्या उपयोगाचीं, तींच दूषित जागीं लावावयाचीं, तर त्यांवर राखण पाहिजे. कापणी मोजून घेतली पाहिजे, ती जाळली तर राख मोजून पुरली पाहिजे, आणि कोणीं तरी हें दरसाल केलें पाहिजे. स्वस्त उपायांत जो पैसा वांचतो तो येथें राखणीच्या रूपानें भरावा लागतो. खरडलेली माती शेतांत पुरणें असो, पोटॅश घालणें असो, प्रशियन ब्ल्यू असो, एक पिढी विसरली कीं उपाय संपला आणि मल उरला.

किती पिढ्या? सीझियमचीं दहा अर्धायुष्यें, म्हणजे तीनशें वर्षें, गेलीं कीं तें हजाराव्या हिश्शावर येतें. तीनशें वर्षें हा काळ पोहरादेवींत कल्पनेच्या बाहेरचा नाहीं. ज्यांच्या समाधीच्या दर्शनास येथें रामनवमीस लक्षावधि लोक लोटतात त्या श्रीसेवालाल महाराजांचें जन्मवर्ष परंपरेनें १७३९ मानतात. त्या वर्षीं या शिवारांत सीझियम पडलें असतें, तर त्याचें दहावें अर्धायुष्य अद्याप पुरें व्हावयाचें असतें. त्यांची स्मृति ज्या समाजानें मुख्यतः मुखपरंपरेनें राखिली, त्याच्या साक्षीनें इतकें म्हणतां येईल कीं, आस्था असली तर एवढा काळ स्मरण टिकतें. पण आस्था देवस्थानाविषयीं असते. पुरलेल्या मातीविषयीं कोणास असणार?

येथें इतिहाससंशोधकांचें काम लागतें. दान दिलेली भूमि विसरली जाऊं नये म्हणून आपल्या पूर्वजांनीं जी सोय केली ती या मंडळाच्या वाचकांस सांगावयास नको. ताम्रपटांत दानाची मुदत आचन्द्रार्क, चंद्रसूर्य असेतोंवर, अशी घालीत. शिलाहार-यादवांच्या काळच्या गद्धेगाळ शिळांवर चंद्रसूर्य कोरून खालीं मर्यादा मोडणाऱ्यास अभद्र चित्ररूप शाप देत, कीं ज्यास वाचतां येत नाहीं त्यासहि तो कळावा. वाकाटक विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथें उजेडांत आला, महामहोपाध्याय मिराशी यांच्या परिश्रमानें त्याचें वाचन सिद्ध झालें, आणि सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं कोणतें गांव कोणास दिलें हें आज आपणांस समजतें. मात्र तो पट टिकला तरी मधल्या शतकांत तो वाचणारा उरला नव्हता, आणि दिलेलें गांव त्याच्या धन्याच्या वंशजांकडे राहिलें नाहीं. लेख टिकणें निराळें आणि त्याचा अंमल टिकणें निराळें. अमेरिकेंत न्यू मेक्सिकोमधील मिठाच्या थरांत अणुकचरा पुरतात, त्या जागेवर दहा हजार वर्षें समजेल अशी खूण कशी करावी याचा अहवाल १९९३ सालीं विद्वानांकडून करविला. त्यांनीं शिळा, काटेरी आकृति, भयचकित मुखें अशा कल्पना सुचविल्या. त्यांस गद्धेगाळ ठाऊक नव्हती, पण ते तिच्याच जवळ पोंचले.

सीझियमला इतकें लागत नाहीं. आपल्याकडे प्रत्येक शेताचा सातबारा आहे, आणि त्यांत इतर हक्कांचा रकाना आहे. विहीर, कूळ, बोजा यांची नोंद त्यांत होते. या शेताच्या अमुक कोपऱ्यांत अमुक सालीं अमुक माती इतक्या खोलीवर पुरली आहे, ही नोंद होण्यासारखी आहे, आणि तीस पटवाऱ्याच्या लेखणीपलीकडे खर्च नाहीं. जोडीस बांधावर एक शिळा असावी. जपाननें आपली खरडलेली माती ओकुमा व फुताबा या गांवांच्या हद्दींत तात्पुरती ठेविली असून, २०४५ च्या मार्चपर्यंत ती फुकुशिमा प्रांताबाहेर नेऊन तिची शेवटची व्यवस्था लावूं असें कायद्यानें वचन दिलें आहे. तोंवर त्या सीझियमचें पहिलें अर्धायुष्य नुकतेंच संपलेलें असेल.